बुढीचं आवतन

"मामाजी, हात काढा. तो माणूस इकडंच येऊन राह्यला," योगेश दबक्या आवाजात म्हणाला.

जानरावांनी हात काढला नाही. बोटांना तूप-हळद लागलेली, समोर तोफ, तिचा एक खांदा चोळून झालेला आणि दुसरा बाकी. अर्धं काम टाकून उठायची सवय त्यांना जन्मात नव्हती. ते पलीकडच्या बाजूला गेले, तिथंही तूप चोळलं, वाकून नळीजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

तोवर रखवालदार येऊन पोचला. कोवळा पोरगा, काळा चष्मा, छातीवर बिल्ला. तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि दोरीकडे बोट दाखवलं. दोरी ओलांडून आत यायचं नसतं, एवढं जानरावांना न सांगताही कळत होतं. एकोणतीस वर्षं लोकांना हेच तर सांगत आले होते ते. फरक इतकाच, की त्यांच्याकडे दोरी नव्हती.

ही गोष्ट माल्टाची. भूमध्य समुद्रातलं हे बेट एवढंसं, पण जिकडे बघावं तिकडे तट, बुरूज आणि तोफा. अकोला जिल्ह्यात, अकोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला मोहगड नावाचं गाव आहे. तिथले जानराव ढोले या बेटावर आले ते लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्तानं. वर्षाली तिथं दवाखान्यात नर्स, जावई योगेश शहरातली बस चालवायचा. बाळंतपणाला खरी गरज होती पार्बताबाईंची. पण त्या एकट्या विमानात बसायला तयार होईनात, म्हणून जानरावही आले. बाळ पाहून झालं, मांडीवर घेऊन झालं, मग दिवसभर करायचं काय? योगेशला वाटलं, मामाजींनी सगळी जिंदगी किल्ल्यावर चौकीदारी केली, तर त्यांना इथले किल्ले दाखवावेत. सुटीच्या दिवशी तो त्यांना घेऊन निघायचा. बिचाऱ्याच्या मनात चांगलंच होतं. आपण सासऱ्याच्या जखमेवर रोज मीठ चोळतोय, हे त्याला काय ठाऊक.

पहिल्या सुटीला त्यानं शंभर टनांची तोफ दाखवली. जानराव तिच्याभोवती दोनदा फिरले आणि गप्प झाले. पुढच्या सुटीला जमिनीखालची भुयारं दाखवली. दुसऱ्या महायुद्धात तिथून लढाईचा कारभार चालायचा. टेबलावरचा नकाशा, टेलिफोन, खुर्च्या, सगळं जागच्या जागी, जणू माणसं आत्ताच चहाला उठून गेलीत. जानराव आणखी गप्प झाले. योगेशनं घरी येऊन बायकोला विचारलं, "तुह्ये बाबा थकून राह्यले काय?" वर्षाली म्हणाली, "थकत नाईत ते. रागावले असतीन."

ती बापाला ओळखून होती. जानराव मनातून जळत होते. प्रत्येक तोफेपाशी पाटी: ही कुठं ओतली, कोणी ओतली, वजन किती, कधी डागली. दगड सरकला तर त्याचीही नोंद. आणि मोहगडावर? तिथं एकच तोफ. गावात तिला बुढी म्हणत. तिच्याभोवती साधी दोरी बांधावी म्हणून जानरावांनी वर अर्जावर अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी घरची बैलाची दावी जोडून बांधली, तर सहलीला आलेल्या पोट्ट्यांनी त्यांचा झोका केला. कुण्या चंदनानं खिळ्यानं बुढीच्या पाठीवर आपलं नाव कोरलं, शेजारी रूपालीचं. ते घासून काढायला जानरावांना चार दिवस लागले. वर एक साहेब त्यांना म्हणाले होते, "जाऊ द्या हो, पोरंच आहेत." त्या चार दिवसांचा आणि त्या "जाऊ द्या हो"चा राग जानरावांनी बारा वर्षं जपून ठेवला होता.

बुढीचं मोहगडात वेगळंच कौतुक. गावची जुनी माणसं सांगत, की बावीस बैलजोड्यांनी तिला गडावर ओढून नेलं. वाटेत बैल बसले, पण ती मागं घसरली नाही, त्यांच्यासोबत थांबून राहिली. खरं-खोटं देव जाणे. पण तेव्हापासून गावानं तिला गोठ्यातलीच मानलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोलवटलेले बैलांचे खांदे तुपा-हळदीनं चोळायचे आणि त्यांना आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मोहगडात बैलांचं झालं की एक माणूस गडावर चढे आणि बुढीचेही खांदे चोळी. नळीच्या दोन बाजूंना लोखंडाचे जाड खुंट असतात ना, तेच तिचे खांदे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट वर जाई. आधी बुढी, मग घर. हा मान पिढ्यान्‌पिढ्या ढोल्यांकडे होता. चौकीदारी नंतर आली आणि साठीला एका ओळीच्या पत्रानं गेलीही. मान राहिला.

यंदा पोळा परदेशात आला. निघताना जानरावांनी गावातल्या बंडूला बजावलं होतं, "खांदशेकणीले गडावर जाजो. विसरशीन तर मी तिथून वापस येईन." बंडू काही विसरणारा नव्हता. तरी सकाळी पार्बताबाईंनी लेकीच्या स्वयंपाकघरात तूप-हळद कालवून एका डबीत भरली आणि नवऱ्याच्या खिशात घातली. "तिथं तोफा हाईत म्हंते योगेश. त्यायले कोन इचारते बिचाऱ्यायले? एखादीचे तरी खांदे चोळून द्या," त्या म्हणाल्या.

म्हणून हे सगळं. वलेटा शहराच्या तटावर रोज बाराला तोफ डागतात. जुन्या गणवेशातली माणसं कवायत करत येतात, हुकूम होतो, बार उडतो, खालच्या बंदरातून आवाज परत येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. जानरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर ते अगदी कडेच्या, न डागलेल्या तोफेकडे गेले, दोरी ओलांडली आणि कामाला लागले.

रखवालदाराचा आवाज चढला तसा गणवेशातला एक म्हातारा गोलंदाज पुढं आला. पांढऱ्या मिशा, हातावर तोफेच्या दारूची काजळी. त्यानं पोराला हातानंच थांबवलं आणि योगेशला विचारलं, हे काय चाललंय? योगेशचे कान लाल झाले होते. तरी त्यानं इंग्रजीत जमेल तसं सांगितलं: बैल, खांदे, तूप, आवतन. म्हाताऱ्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं काहीतरी विचारलं.

"काय म्हंते?" जानरावांनी विचारलं.

"तो म्हंते, उद्या जेवाले काय हाय?"

"पुरनपोळी सांग. कढी सांग. भजे सांग."

म्हातारा गंभीरपणे मान हलवत काहीतरी म्हणाला, आणि योगेशनं सांगितलं, "तो म्हंते, उद्याही बाराले इथं ड्यूटी हाय. ड्यूटी झाल्यावर तोफेले इचारतो, येते काय."

जानराव हसले. माल्टात आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी तोफेच्या गाड्याच्या लाकडी चाकाला नाक लावलं आणि हुंगलं. "जवस," ते म्हणाले. "योगेश, इचार त्याले, याले जवसाचं तेल लावता काय?" म्हाताऱ्यानं विचारलंही नाही की ह्याला कसं कळलं. आत जाऊन तो एक डबा घेऊन आला आणि झाकण उघडून जानरावांच्या नाकाखाली धरला. जवसच होतं. बुढीला एकोणतीस वर्षं जानरावांनी जे चोपडलं, आपल्या शेतातल्या जवसाचं, आपल्या घाण्यावरचं, तेच तेल. दोघं म्हातारे त्या डब्यावर वाकून हुंगत राहिले. निघताना गोलंदाजानं टाच जुळवून सलाम केला. जानरावांनी रामराम घातला.

वरच्या बागेत बाकावर बसून सासऱ्या-जावयानं जेवणाचा डबा उघडला तेव्हा जानरावांचा चेहरा मोकळा होता. "जवाईबापू," ते म्हणाले, "आपली बुढी यायच्यापेक्षा कमी नाई बरं. तिले फक्त मानसं बरे नाई भेटले." तेवढ्यात फोन वाजला. बंडू होता. धापा टाकत होता.

"भाऊ, मी गडावर हाओ. डबी घेऊन आलतो."

"मंग दे आवतन. मले आयकू येऊ दे."

"कोनाले देऊ? बुढी नाई ना अथी."

"नाई म्हंजे?"

"चबुतरा रिकामा हाय. क्रेनचे चाकं उमटले हाईत खालपर्यंत. खालच्या वाडीतले म्हंतात, परवा नेलं. अकोल्याले. चौकात बसवनार म्हंतात."

जानरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बंदरात एक पांढरं जहाज वळत होतं. योगेशनं दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी गावात नाई हे पाह्यलं त्यायनं," ते म्हणाले. "मी असतो तं क्रेनच्या आडवा पडलो असतो."

ते खरंच पडले असते. दुसऱ्या दिवशी माल्टातल्या त्या घरात पुरणपोळी झाली, पण जानराव जेवले नाहीत.

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी जानरावांनी पायांत वहाणा अडकवल्या. अकोटहून अकोला, अकोल्याहून गाडीनं बडनेरा आणि तिथून ऑटोनं अमरावती. गड ज्यांच्या खात्याकडे होता ते साहेब तिथं बसत. हे साहेब नवे, तरुण, बोलायला मधाळ. वैशाखात गडावर येऊन गेले होते. पार्बताबाईंच्या हातचा मठ्ठा दोन गिलास प्यायले होते.

"या काका, बसा. परदेशातून कधी आलात? चहा सांगू?"

"बुढी कुठं हाय?"

"कोण बुढी?"

"तोफ."

"अच्छा, ती. काका, इतकी सुंदर बसवलीय ना चौकात. संध्याकाळी लायटिंगमध्ये बघा एकदा."

"तिले तिथं काहून नेलं?"

"गडावर कोण जातं काका? रस्ता नाही, पाणी नाही. चौकात रोज हजारो लोक बघतात तिला."

"पाह्यतात? तिच्याकडं पाठ करून फोटू काढतात," जानराव म्हणाले. येताना अकोल्यात बसच्या खिडकीतून त्यांनी ते पाहिलं होतं. "साहेब, कोनाले इचारलं तुमी? गावाले इचारलं? मले इचारलं?"

साहेबांनी कपाटातून फाइल काढायला लावली, पानं उलटली आणि एक कागद पुढं सरकवला. "तुम्हालाच तर विचारलं होतं, काका."

अक्षर जानरावांचंच होतं. वैशाखात मठ्ठा पिऊन झाल्यावर साहेब म्हणाले होते, तुम्ही तोफेचे जाणकार, तिची तब्येत कशी आहे ते दोन ओळी लिहून द्या, रेकॉर्डला राहील. एकोणतीस वर्षांत वरच्या माणसानं त्यांना पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. जानरावांना भरून आलं होतं. त्यांनी चष्मा लावून, ओळी सरळ येतील अशा बेतानं लिहिलं होतं: तोफ ठणठणीत आहे. कुठे तडा नाही. गडावरून खाली टाकली तरी तिला काही होणार नाही. जानराव ढोले, माजी चौकीदार.

"हाच अभिप्राय जोडलाय," साहेब म्हणाले. "म्हणजे तोफ हलवण्यास हरकत नाही. तुमच्यामुळे तर काम सोपं झालं."

जानरावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. स्वतःचाच राग आला त्यांना. आपणच आपल्या हातानं लिहून दिलं, आणि लिहिताना छाती फुगवून बसलो होतो.

"हे तारीफ होती साहेब. तिची तारीफ केली म्या."

"असेल हो. पण कागदावर..."

"मानसानं आपल्या मायबद्दल म्हटलं, का बाई लय काटक हाय, तं त्याचा अर्थ तिले घराभायेर काढा असा होते काय?"

शेजारच्या टेबलांवरची बोटं थांबली. साहेबांनी हसून पाहिलं, मग हसू आवरलं.

"हे वाक्य मले वापस द्या," जानराव म्हणाले. "बाकी कागद ठेवा तुमच्यापाशी. हे एक वाक्य कापून द्या."

"रेकॉर्डवरचं असं कापता येत नाही, काका."

"गडावरची तोफ कापून नेता येते, अन् कागदावरची ओळ नाई कापता येत. मी त्या देशात पाहून आलो साहेब. तिथं तोफेले हात लावला तं मानूस धावत येते. तुमी क्रेन लावली अन् एक मानूस धावला नाई, काहून का धावनाऱ्यालेच तुमी गाफील धरलं. मठ्ठा पेऊन धरलं. चोरानं नेली असती तं मी पोलिसात गेलो असतो. तुमच्यासाठी कुठं जाऊ?"

साहेबांचा फोन वाजला. ते "एक मिनिट" म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बोलत राहिले. एक मिनिट बराच वेळ चाललं. चहा आला होता, त्यावर साय धरली. जानराव उठले, कागद घडी न करता टेबलावर ठेवला आणि चहाला हात न लावता बाहेर पडले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी अर्ज केले. गावातले काही म्हणाले, सोडा आता, लोखंडच तर आहे. ज्यांनी असं म्हटलं त्यांच्या घरी जानरावांनी पाणी प्यायचंही सोडलं. बंडू मात्र प्रत्येक अर्जावर दुसरी सही करायचा. उत्तर एकदाच आलं: विषय निकाली काढण्यात आला आहे.

पुन्हा श्रावण संपत आला. खांदशेकणीच्या दिवशी पार्बताबाईंनी डबी भरली, आणि या वेळी त्यांनीही चप्पल घातली. "मी येतो. एकट्यानं भांडसान तिथं," त्या म्हणाल्या.

चौक बायपासजवळ होता. मधोमध गोल ओटा, त्यावर प्लास्टिकचं गवत, गवतावर बुढी. तिला अंगभर सोनेरी रंग फासला होता. तोंडात कुणीतरी चहाचे कागदी कप कोंबले होते. गडावर तिचं तोंड खिंडीकडे होतं; इथं ते मोबाइलच्या दुकानाकडे होतं. पाटीवर सुशोभीकरण समितीच्या अकरा माणसांची नावं होती. बुढीचं नाव नव्हतं, मोहगडाचंही नव्हतं. पार्बताबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांनी एकेक कप बाहेर काढला आणि पिशवीत भरला.

जानराव ओट्यावर चढले. वाहतुकीचा पोलीस शिट्टी वाजवत आला.

"ओ काका, काय करून राह्यले? उतरा खाली."

"खांदशेकणी हाय आज."

पोलीस दोन पावलं पुढं आला, डबीत पाहिलं, मग त्या दोघांकडे. खेड्यातलाच असावा. "बैल कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हेच हाय."

त्यानं शिट्टी खिशात घातली आणि ओट्याकडे पाठ करून, हात आडवा धरून त्या बाजूच्या गाड्या थांबवल्या.

जानरावांनी खांदे चोळले. तूप लोखंडात जिरायचं ते इथं रंगावरून घसरून खालच्या प्लास्टिकवर पडत होतं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी डबीत उरलेलं सगळं दोन्ही खुंटांवर थापलं, तळवे तिथंच दाबून धरले आणि तोंड जवळ नेलं. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आज आवतन घे," ते म्हणाले, "उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी दोघं गडावर चढले. वाट गवतानं भरली होती. चबुतऱ्यावर लांबोडकी खाच होती. इतक्या वर्षांच्या वजनानं दगडच दबला होता. जानरावांनी पालापाचोळा काढला, खाच फडक्यानं पुसली आणि जवसाचं तेल तिच्यात ओतलं. पार्बताबाईंनी ताट मांडलं. पुरणपोळी, कढी, भजी. शेजारी पाण्याचा तांब्या.

खाली गावात पोळा सुटल्याचा गलका झाला, मग शांत झाला. घरोघर बैल ओवाळून झाले असतील, पंगती बसल्या असतील. दिवस कलला.

"तुह्यी साखरेची गोळी राह्यली," जानराव म्हणाले. "तू जेवून घे. मी बसतो."

पार्बताबाईंनी कमरेच्या पिशवीतून गोळीची पुडी काढली. जेवणासोबत घ्यायची गोळी ती. त्यांनी ताटाकडे पाहिलं, खिंडीतून वर येणाऱ्या वाटेकडे पाहिलं, आणि पुडी परत पिशवीत ठेवून दिली.

"पाहुनी आधी," त्या म्हणाल्या, आणि ताटावरच्या माश्या पदरानं वारत बसल्या.